पदक मिळालं, पण कधी?

लेख आवडला, पण एक दुरुस्ती. ब्रिटिश अधिकारी हॅरी स्मिथला द्वीपकल्पीय युद्धाचं (स्पेन-पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या फौजांशी झालेल्या) पदक 'युद्ध संपताच' मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. तसं नाही. ते 'मिलिटरी जनरल सर्व्हिस' पदक 1847 मध्ये जाहीर झालं, म्हणजे युद्ध संपून 33 वर्षं उलटल्यावर! तेही हयात असलेल्यांनाच, आणि अर्ज केला तर. स्पेनमधल्या बदाहोस किल्ल्याच्या तटाखाली मेलेल्यांचं नावच नाही. उलट वॉटर्लूचं पदक लढाईनंतर वर्षभरात शिपायांपासून सेनापतीपर्यंत सगळ्यांना, वर दोन वर्षांची जादा नोकरीही धरली. स्पेनमध्ये सहा-सहा वर्षं झिजलेल्यांचा तिळपापड झाला असेल तर नवल काय?

या 1847 च्या पदकाचा फोटो मोठा करून बघा. राणी व्हिक्टोरिया गुडघे टेकलेल्या वेलिंग्टनला, म्हणजे त्या युद्धातल्या ब्रिटिश सेनापतीला, लॉरेलच्या पानांचा मुकुट घालतेय, शेजारी छोटासा सिंह, खाली 1793-1814. राणीचा जन्म 1819 चा! आणि या पदकाला वेलिंग्टनचाच विरोध होता.

आपल्याकडच्या असई, आडगाव, खडकी या इंग्रज-मराठा लढायांचं पदक तर त्याहून उशिरा, 1851 मध्ये. असईची लढाई 1803 ची. हिशेब करा.