आकडे ‘सुधारले’ म्हणजे नेमकं काय केलं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

चीफसाहेब, नमस्कार.

आर्गो फ्लोटच्या, म्हणजे समुद्रात खालीवर करत पाण्याचं तापमान मोजणाऱ्या स्वयंचलित तरंगत्या यंत्रांच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तिचा सारांश आधी देतो. तुमचं म्हणणं असं : ‘२००६ साली समुद्र थंड होतोय असे आकडे आले. ते गैरसोयीचे होते, म्हणून वर्षभरात यंत्रांत दोष “सापडला” आणि आकडे सुधारले. यंत्र गरम बोललं की खरं, थंड बोललं की खोटं. मी आयुष्यभर इंजिनरूममध्ये समुद्राच्या पाण्याचं तापमान लॉगबुकात लिहिलंय, ते किती अंदाजपंचे असतं मला ठाऊक आहे. आणि हे चार हजार डबे समुद्रात सोडलेत, ते उचलणार कोण?’

२००६ पासूनच सुरुवात करू. तो निष्कर्ष कुणी दडपला नाही. लायमन, विलिस आणि जॉन्सन या तिघा समुद्रशास्त्रज्ञांनी तो रीतसर छापला : २००३ ते २००५ या काळात समुद्राच्या वरच्या थरातली उष्णता घटली. लपवायचंच होतं तर छापण्याआधी लपवलं असतं. २००७ मधली दुरुस्तीही याच तिघांनी, आणखी एका सहकाऱ्याला घेऊन केली.

दोष दोन निघाले, आणि दोन्ही खोलीच्या मोजमापाशी निगडित. पहिला एक्सबीटीचा, म्हणजे जहाजावरून पाण्यात टाकायच्या तापमान मोजणाऱ्या कांडीचा. मालवाहू जहाजांवरूनही ही कांडी सोडत, तेव्हा तुमच्या डोळ्यांखालून गेली असेल. जड नाकाची छोटी कांडी, मागे केसासारखी बारीक तांब्याची तार उलगडत जाते. तिच्यात तापमान मोजणारा थर्मिस्टर आहे, पण दाब मोजणारं काहीच नाही. खोली घड्याळावरून काढायची : इतके सेकंद झाले, म्हणजे इतके मीटर. कांडीच्या घडणीत जरा फरक पडला किंवा पाणी थंड असलं, तर पडण्याचा वेग बदलतो आणि सूत्र चुकतं. शिवाय तापमानाच्या वाचनातही किंचित झुकाव होता. एकूण हिशेब गरमकडे कललेला.

दुसरा दोष आर्गोचा. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेच्या काही फ्लोटमध्ये सॉफ्टवेअर तापमानाची जोडी चुकीच्या दाबाशी, म्हणजेच चुकीच्या खोलीशी लावत होतं. हे फ्लोट बहुतेक अटलांटिकमध्ये होते आणि त्यांचा हिशेब थंडकडे जात होता. आता गंमत बघा : जुनं साधन गरम बोलणारं, नव्यातलं काही थंड बोलणारं, आणि नेमक्या त्याच वर्षांत जुन्याची जागा नवं घेत होतं. दोन्ही एका आलेखावर ओढली की रेघ खाली येणारच, समुद्रात काहीही घडत असो.

दुरुस्तीनंतर थंडावा गेला. पण त्या दोन-तीन वर्षांत ठळक तापही दिसला नाही, आणि तेही तसंच छापलं गेलं. मनासारखा आकडा काढायला बसलेल्या माणसानं इतक्यावर समाधान मानलं असतं का?

थंडाव्याच्या आकड्यांचा संशय यायलाही कारण होतं. समुद्राची पातळी दोन गोष्टींनी वाढते : नवं पाणी येऊन मिळालं की, किंवा असलेलं पाणी तापून फुगलं की. पातळी जेसन उपग्रह रडारनं मोजत होता. पाण्याचं वस्तुमान ग्रेस ही उपग्रहांची जोडी २००२ पासून गुरुत्वाकर्षणातल्या बदलांवरून मोजत होती. एकातून दुसरं वजा केलं की फुगणं उरतं. समुद्र खरंच निवत असता तर या वजाबाकीत पाणी आकसलेलं दिसायला हवं होतं. ते दिसेना. तिन्ही यंत्रं वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी. मेळ बसत नसेल तर कुणीतरी चुकतंय, एवढंच कळतं. कोण चुकतंय, हे फ्लोट एकेक करून तपासल्यावर कळलं.

तरी तुमच्या आक्षेपातला एक भाग उरतोच, आणि तो मला मान्य आहे. अनपेक्षित आकडा जास्त तपासला जातो. अपेक्षेप्रमाणे आलेल्या आकड्याकडे कुणी भिंग घेऊन बसत नाही. यावर उपाय सद्भावनेचा नाही, दुसऱ्या यंत्राचा आहे. म्हणून दुरुस्त्या कुठल्या दिशेनं झाल्या तेच पाहू.

इथे तुमचं लॉगबुक कामी येतं. पूर्वी डेकवरून कॅनव्हासची बादली सोडून पाणी वर घेत आणि त्यात थर्मामीटर बुडवत. वर येईपर्यंत ओल्या कापडावरून बाष्पीभवन होऊन पाणी निवायचं. पुढे इंजिनला थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान लिहू लागले. ते इंजिनरूमच्या उबेनं जरा चढं येतं. म्हणजे जुने आकडे खोटेच थंड, नंतरचे खोटेच गरम. कच्चे आकडे तसेच ठेवले असते तर समुद्र आहे त्याहून जास्त तापलेला दिसला असता. दुरुस्तीनं जुने आकडे वर उचलले, म्हणजे तापमानवाढ कमी झाली! एक्सबीटीचंही तेच : १९७०च्या दशकात उष्णतेचा जो फुगवटा दिसायचा, तो दुरुस्तीनंतर बराचसा मावळला. हे ‘गरम तेवढं खरं’ या तुमच्या सूत्रात बसत नाही.

दाबाचं दुखणं तर फार जुनं. १८७२ ते १८७६ च्या चॅलेंजर या ब्रिटिश समुद्रसंशोधन मोहिमेचे थर्मामीटर परतल्यावर एडिंबरोत भौतिकशास्त्रज्ञ टेट यांनी दाबाखाली तपासले, कारण खोल पाणी काचेचा फुगा दाबून पारा खोटाच वर चढवतं. पुढच्या पिढीनं याच खोडीचं साधन केलं. खोल पाण्याचा नमुना आणणाऱ्या नॅन्सेन बाटलीवर दोन उलटे होणारे थर्मामीटर लावत, एक जाड काचेत बंद, एक उघडा. तारेवरून वजन सोडलं की बाटली उलटी होते, पाऱ्याचा धागा तुटतो आणि त्या जागचं तापमान गोठून राहतं. दोघांच्या वाचनातला फरक म्हणजे दाब, आणि दाब म्हणजे खोली. माझ्या मते समुद्रविज्ञानातली ही सर्वांत देखणी युक्ती आहे. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जुन्या पिढीशी बोललात तर तिच्याबद्दल अजून मायेनं बोललं जाईल, अशी माझी खात्री आहे.

होकायंत्राचं विचलन, म्हणजे जहाजाच्या लोखंडामुळे त्यात येणारी चूक, तुमच्या ब्रिजवर तक्त्यात लिहून लावलेलं असायचं. तक्ता आहे म्हणून कप्तानानं होकायंत्र खोटं ठरवलं नाही. आर्गोच्या फाइलीत तसंच आहे : फ्लोटनं पाठवलेला मूळ आकडा, शेजारी सुधारलेला आकडा, आणि प्रत्येकावर दर्जाचा शेरा, १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे टाकाऊ. मूळ आकडा खोडत नाहीत. फ्रान्समधलं ब्रेस्ट आणि अमेरिकेतलं माँटेरे इथल्या केंद्रांवरून कुणीही तो फुकट उतरवून घेऊ शकतो. हिंदी महासागराचं काम हैदराबादचं ‘इन्कॉइस’ हे महासागर माहिती सेवा केंद्र बघतं. २००९ साली दाबाच्या सेन्सरमध्ये सूक्ष्म गळती निघाली तेव्हा तीही जाहीर केली आणि नवे फ्लोट सोडणं थांबवलं.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. फ्लोट दर दहा दिवसांनी २००० मीटरवरून वर येतो, चार-पाच वर्षांनी बॅटरी संपते आणि बहुतेक फ्लोट तळाशी जातात. वर्षाला सुमारे ८००, प्रत्येकी वीस-तीस किलो, म्हणजे एका भरलेल्या कंटेनरइतकं वजन. कंटेनर दरवर्षी शेकड्यांनी समुद्रात पडतात हे तुम्हाला सांगायला नको. हे समर्थन नाही, प्रमाण सांगतोय. एकेक फ्लोट उचलायला जहाज पाठवलं तर जळणारं तेल त्याहून वाईट.

आता माझी एक मागणी. जुन्या नोंदींत पाणी आत घेण्याची खोली बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते, आणि दुरुस्ती करणाऱ्यांची खरी अडचण तीच आहे. तुमच्या जहाजांवर सी चेस्ट (समुद्राचं पाणी आत घेणारा कप्पा) भरल्या जहाजात पाण्याखाली किती मीटर असायचा, बॅलास्टवर (माल नसताना, तोलापुरतं पाणी भरून) किती? थर्मामीटर पंपाच्या आधी होता की नंतर? आठवत असेल तर जहाजाच्या प्रकारासह इथेच लिहा.