पहिल्या पानावर ती नोट का? : आबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आबा, नमस्कार.

स्वतंत्र भारताच्या नोटांचा अल्बम आणि पहिल्याच पानावर पाकिस्तानची नोट, हे आपल्या खानदेशच्या माणसाला शोभत नाही, असं माझ्या अल्बमवरच्या लेखावर तुम्ही लिहिलंत. मनाला लागलं. तरी पान बदलणार नाही.

आधी तुमची दुरुस्ती. 1949 ची, सारनाथच्या सिंहांची एक रुपयाची नोट मी रिझर्व्ह बँकेच्या नावावर टाकली होती. ती भारत सरकारची, सही वित्त सचिव के. आर. के. मेनन यांची. चूक माझी, लेखात बदल केला आहे.

आता पहिल्या पानावरची ती दहा रुपयांची नोट. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःच्या नोटा नव्हत्या. म्हणून एप्रिल 1948 पासून आपल्याच राजाछाप (सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या) नोटा 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान' एवढी अक्षरं वाढवून तिकडे चालल्या. छापल्या कुठे? आपल्या शेजारी, नाशिकला. सही कोणाची? आपल्या रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुखांची! पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक, स्टेट बँक ऑफ पाकिस्तान, कराचीत 1 जुलै 1948 ला उघडली. तोवर दोन्ही देशांच्या नोटांचा कारभार आपल्या रिझर्व्ह बँकेकडेच होता. दोन घरं झाली, पण चूल काही महिने एकच राहिली. हे त्या नोटेइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही. पुढच्या पानावर 1950 च्या दोन, पाच, दहा, शंभरच्या नोटा आहेत. राजा जाऊन सिंह आले, ते आधीचा राजा पाहिल्याशिवाय कसं कळणार?

'निदान इस्त्री तरी फिरवायची' असंही तुम्ही म्हणता. आबा, कोणत्याच जुन्या नोटेवर इस्त्री फिरवू नका. छपाईला बोटाला लागणारा उठाव असला तर तो बसतो, कागद मरतो. आणि ही नोट तर मी विकत घेतलेली नाही. जळगावच्या सिंधी कॉलनीतल्या एका आजोबांनी दिली. त्यांचे वडील सिंधमधून निघाले तेव्हा ती कोटाच्या अस्तरात शिवलेली होती. चार घड्या पडल्यात, मधोमध कागद विरलाय, बँकेत गड्डी टाचताना पडलेली दोन भोकं आहेत. ट्यूबलाइटसमोर धरली की कोऱ्या जागेत राजाचं डोकं उमटतं आणि त्याच जागेत ती उर्दू अक्षरं.

इथे आल्यावर ती नोट कुठल्याच दुकानात चालली नाही, पण त्यांनी ती मोडीतही काढली नाही. त्या घड्या त्यांच्या हातच्या आहेत. त्या तशाच राहतील.

जळगावला आलात तर घरी या. नोट तुमच्या हातात देतो.