मेंटमोरचा लिलाव: बुडालं कोण, सरकार की घराणं?

विषय निघाला रघुजी भोसल्यांच्या तलवारीवरून. 29 एप्रिल 2025 ला ती लंडनमध्ये सदबीज या लिलावगृहाच्या लिलावात आली, महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत 47 लाख 15 हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. आमचा वकील म्हणाला, लिलावात उतरणं हा सरकारसाठी सगळ्यात उशिराचा मार्ग; बोलणी त्याच्या आधी व्हायला हवीत. सराफ म्हणाला, आधी बोलणी ठीक, पण भाव कुणी ठरवायचा? मास्तर चित्रकला शिकवतात. त्यांनी मेंटमोरचं नाव काढलं आणि मग संध्याकाळभर कट्टा तिथून हललाच नाही.

मेंटमोर हा इंग्लंडात बकिंगहॅमशायरमधला रॉथशिल्ड या बँकवाल्या घराण्याचा वाडा. लंडनचा काचेचा क्रिस्टल पॅलेस उभारणाऱ्या जोसेफ पॅक्सटनने जावयाला सोबत घेऊन 1852 ते 1854 या काळात तो मेयर द रॉथशिल्डसाठी बांधला. मेयरची मुलगी हॅना रोजबेरी घराण्यात पडली. तिचा नवरा, पाचवा अर्ल, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला. सहावा अर्ल 1974 मध्ये गेला आणि वारसावर मृत्युकराचा बोजा आला. कराच्या बदल्यात वाडा आणि आतलं सामान 20 लाख पौंडांना घ्या, असं त्याने सरकारला सांगितलं. बोलणी रेंगाळली आणि पंतप्रधान कॅलाहन यांच्या सरकारने शेवटी नकार दिला. मे 1977 मध्ये सदबीजने वाड्यावरच लिलाव मांडला आणि नुसत्या सामानाचे 60 लाख पौंडांहून जास्त झाले.

"म्हणजे सरकार सरळ सरळ 40 लाखांना बुडालं," वकील म्हणाला.

"थांब," सराफ म्हणाला. "60 लाख आडतीसकट की आडत सोडून? लोक इथेच चुकतात." त्याचं म्हणणं बरोबर आहे. 1975 पासून लंडनची मोठी लिलावगृहं विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्याकडूनही आडत घेऊ लागली, तेव्हा 10 टक्के. 2025 मध्ये खालच्या टप्प्यात ती 26-27 टक्क्यांच्या घरात होती. आपल्याकडे 2016 मध्ये फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. लिलावगृहाची गोम अशी की कॅटलॉगमधला अंदाज आडतीशिवायचा असतो, आणि निकाल म्हणून पेपरात येतो तो आकडा आडतीसकटचा. अंदाज 100 ते 150, हातोडा पडला 95 वर. 26 टक्के धरून पेपरात आलं 119.70. वाचणाऱ्याला वाटतं अंदाज गाठला. प्रत्यक्षात माल खालच्या अंदाजाच्याही खाली गेलेला असतो.

"पण 10 टक्के काढूनही 20 आणि 60 मधलं अंतर काही मिटत नाही," मास्तर म्हणाले. ते सराफाने लगेच कबूल केलं. शिवाय लिलावात सगळा माल नव्हताच. चांगलं चांगलं फर्निचर घराण्याने आधीच स्कॉटलंडमधल्या डाल्मनी हाउसला नेलं होतं. काय काय विकायला आहे यावर सगळे तर्क करतात. काय बाजूला काढलंय हे कुणी विचारत नाही. घराण्याच्या जुन्या नोंदी किंवा विम्याची यादी मिळाली तर ती कॅटलॉगशेजारी ठेवून आधी तेच ताडायचं.

मग गाडी अंदाजांवर आली. वकिलाचं मत असं की अंदाज म्हणजे तज्ज्ञाने काढलेली किंमत. सराफाने ते साफ खोडून काढलं. अंदाज हे आमंत्रण असतं. तो कमी ठेवला की दहा हात वर होतात, आणि एकदा हात वर झाला की माणूस मागे हटायला कचरतो. विकणाऱ्याची खरी हद्द राखीव किमतीत असते, म्हणजे जिच्याखाली माल द्यायचा नाही त्या किमतीत. ती गुप्त असते आणि रिवाजाने खालच्या अंदाजापेक्षा वर नसते. राखीव किमतीपर्यंत लिलाव पुकारणारा विकणाऱ्याच्या वतीने स्वतःच बोली चढवू शकतो. नियमावलीत तसं छापलेलं असतं. समोर हात एकाचाच, तरी भाव वाढतोय असं दिसलं तर बोली बहुधा झुंबराकडून, म्हणजे कुणा माणसाकडून नाही तर पुकारणाऱ्याकडूनच, येतेय असं समजायचं. तो पुकारा राखीव किमतीपाशी थांबतो. हे माहीत नसलं की लोक मागच्या रांगेतला कुणी अज्ञात धनिक कल्पून मोकळे होतात.

"आणि हमी?" मास्तरांनी विचारलं.

इथे सराफाने टॉबमनचं उदाहरण दिलं, आणि ते खरंच अभ्यासण्यासारखं आहे. आल्फ्रेड टॉबमन एके काळी सदबीजचा मालक. आडतीचे दर ख्रिस्तीज या प्रतिस्पर्धी लिलावगृहाबरोबर संगनमताने ठरवल्याबद्दल त्याला तुरुंगवास झाला. तो 2015 मध्ये वारल्यावर त्याचा संग्रह मिळवण्यासाठी सदबीजने कुटुंबाला 50 कोटी डॉलरच्या आसपास हमी दिली: विक्री किती का होईना, एवढे तुमचे. बाजारात चर्चा अशी की घराच्या माणसालाच आतली किंमत माहीत, म्हणजे आकडा पक्का. नोव्हेंबरच्या पहिल्या संध्याकाळी सुमारे 37 कोटी 70 लाख डॉलर आले, आणि पुढच्या विक्र्या धरूनही सदबीज तोट्यातच गेलं. हमीचा आकडा वस्तूची किंमत सांगत नाही. संग्रह दुसऱ्या लिलावगृहाकडे जाऊ नये म्हणून मोजलेला तो भाव असतो. उलट डेव्हिड आणि पेगी रॉकफेलर यांचा संग्रह 2018 मध्ये ख्रिस्तीजने न्यूयॉर्कला विकला तेव्हा एकूण 83 कोटी डॉलरच्या वर गेला. हमी तिथेही होती. म्हणून हमी आहे की नाही यावरून वस्तूबद्दल काहीच ताडता येत नाही.

मास्तर बराच वेळ गप्प होते. मग ते त्यांच्या मुद्द्यावर आले, आणि माझ्या मते मेंटमोरचं खरं मर्म तिथेच आहे.

मेंटमोरच्या कॅटलॉगमध्ये एक मोठं चित्र कार्ल व्हान लू या फ्रेंच चित्रकाराच्या नावावर होतं, विषय व्हीनस या रोमन प्रेमदेवीचा शृंगार. डेव्हिड कॅरिट या जाणकार विक्रेत्याने ते 8,000 पौंडांना घेतलं. चित्र निघालं फ्रागोनार या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराचं: पुराणकथेतली सायकी आपल्या बहिणींना प्रेमदेव क्युपिडने दिलेल्या भेटी दाखवते आहे, 1753 च्या सुमाराचं. 1978 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने ते कॅरिटकडून विकत घेतलं, किंमत पाच लाख पौंडांच्या जवळ. चूक का झाली? फ्रागोनार तेव्हा विशीत होता आणि व्हान लूच्या हाताखाली शिकत होता. गुरूची धाटणी चित्रात उतरलेली; सही शोधणारा किंवा नुसती धाटणी बघणारा गुरूपाशीच थांबणार. कॅरिटने विषय नीट वाचला: व्हीनस असती तर भेटी दाखवणारी मुलगी आणि तोंडं वाकडी करणाऱ्या बहिणी कशाला असत्या? सायकीच्या चित्राची माहिती जुन्या नोंदींत होतीच.

"म्हणजे सदबीजची चूक," वकील म्हणाला.

"घाईची चूक," मास्तर म्हणाले. पिढ्यान्‌पिढ्या भरलेलं घर थोड्या काळात उलगडायचं तर प्रत्येक वस्तूला मिनिटं मोजूनच मिळतात. म्हणून कॅटलॉगची भाषा अक्षरशः वाचायची. चित्रकाराचं पूर्ण नाव दिलं तर लिलावगृह त्याच्यामागे उभं आहे. 'त्याचं मानलं जाणारं', 'त्याच्या कार्यशाळेतलं', 'वर्तुळातलं', 'शैलीतलं' आणि 'त्याच्यावरून केलेलं' या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला किंमत कित्येक पटींनी खाली येते. शोध लागतो तो या मधल्या पायऱ्यांवर किंवा चुकीच्या पूर्ण नावावर. बघायच्या दिवशी चित्र उलटं करून दाखवायला सांगायचं: मागची लाकडी चौकट, जुन्या चिठ्ठ्या, क्रमांक, कॅनव्हासला दुसरं अस्तर लावलंय का. अतिनील दिव्याखाली नंतरचं रंगकाम काळसर डागांसारखं दिसतं.

सराफाने चांदीची भर घातली. जुन्या इंग्लिश भांड्यांच्या बुडाशी पुष्कळदा मूळ वजन कोरलेलं असतं, ट्रॉय औंसात, म्हणजे 31.1 ग्रॅमच्या हिशेबात. आजचं वजन थोडं कमी भरलं तर घासून घासून झीज झाली. बरंच कमी भरलं तर नक्षी उडवली किंवा एखादा भाग गेला. जास्त भरलं तर डाख लावून सांधलंय किंवा नवा भाग जोडलाय. कोरलेलं कुलचिन्ह खोडून नवं घातलं असेल तर त्या जागी पत्रा पातळ लागतो. अंगठ्याने दाबून कळतं. फर्निचरमध्ये वरचं कपाट एकाचं आणि खालचे खण दुसऱ्याचे असा जोड फार. पाठीच्या फळ्यांचा रंग आणि खणांचे सांधे दोन्हीकडे जुळतात का ते बघायचं.

वकील मात्र आपल्या जागी ठाम. सरकारने घ्यायला हवं होतं आणि पैसेही होते, हे त्याने नीट मांडलं. 1946 मध्ये अर्थमंत्री ह्यू डाल्टनने युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ 5 कोटी पौंडांचा राष्ट्रीय भूमी निधी उभारला होता. 1957 मध्ये त्यातली बहुतेक रक्कम कोषागाराने काढून घेतली. मेंटमोरच्या वेळी उरलेल्यातूनही काम झालं असतं. सराफाने विचारलं, 1976 ला जो देश नाणेनिधीकडे कर्ज मागत होता, त्याने वाडा घेऊन छप्पर आणि नोकरांचा खर्च कुठून काढायचा? हा प्रश्न वाजवी आहे. पण लिलावानंतर एवढा आरडाओरडा झाला की 1980 मध्ये तो निधी मोडून राष्ट्रीय वारसा स्मृतिनिधी नव्याने उभारावा लागला. आणि मेंटमोरमधल्या ज्या वस्तू देशाच्या संग्रहालयांना हव्याच होत्या, त्या एकेक करून घ्याव्या लागल्या. फ्रान्सच्या पंधराव्या लुईची मैत्रीण पोम्पादूरबाई, तिचं द्रुए या चित्रकाराने काढलेलं चित्र त्यातलंच.

त्यानंतर वकिलाने आजच्या ब्रिटनचा हिशेब सांगितला. वस्तू 100 ची, वारसा कर 40 टक्के. बाजारात विकली तर वारसाच्या हातात 60. संग्रहालयाला थेट दिली तर या 60 वर वाचलेल्या कराचा चौथा हिस्सा, म्हणजे 10, मिळून 70 धरतात. संग्रहालयाला 100 ची वस्तू 70 ला, वारसाला 10 जास्त, आणि हातोडा पडण्याचा धोका नाही.

"आपल्याकडे 1985 पासून मृत्युकरच नाही, तर ही गोडी लावायची कशाला?" सराफ म्हणाला.

वकिलाचं उत्तर असं: आपल्याकडे दोर कायद्याचा आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना मर्यादा 75 वर्षं. मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं नोंदवायची आणि मालकी बदलली की कळवायचं. विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. म्हणून इथल्या वाड्यातल्या वस्तूला लंडनचा भाव लावून जे आकडे फिरतात ते पोकळ असतात. गिऱ्हाईक फक्त भारतातलं. निझामाचे 173 दागिने केंद्राने 1995 मध्ये 218 कोटींना घेतले, तेही लांबलेल्या खटल्यानंतर, आणि म्हणूनच ते देशात आहेत.

मेंटमोरचा रिकामा वाडा पुढच्याच वर्षी महर्षी महेश योगींच्या संस्थेने 2 लाख 40 हजार पौंडांना घेतला. हे ऐकून सराफाने हिशेब केला: सरकारला सगळं 20 लाखांना मिळत होतं, त्यात इमारतीचा वाटा एवढाच. बाकी किंमत सामानाची, आणि त्या सामानाची नीट यादी त्या तीन वर्षांत व्हायला हवी होती. सरकारने करावी, नाहीतर घराण्याने.

"यादीला खर्च किती येतो?" वकिलाने विचारलं.

"एक फोटो समोरून, एक मागून, माप, वजन, कुठल्या खोलीत होती आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तिच्याबद्दल काय आठवतं," मास्तर म्हणाले. "शेवटची ओळ आधी लिहून घ्यायची. ती नंतर मिळत नाही."