हिरवा सूर्य मावळत होता

दिवाळी अंकाला विज्ञानकथा द्यायची म्हणून पहिलं वाक्य लिहिलं: 'हिरवा सूर्य मावळत होता.' स्वतःवरच खूश होऊन चहा टाकला. तो उकळेपर्यंत भाचीने कागद वाचून काढला होता. ती भौतिकशास्त्रात एमएस्सी करते आणि कलिन्याहून घरी जाताना दादरला आमच्याकडे उतरते. मुख्यतः जेवायला.

"मामा, हिरवा तारा नसतो."

"अगं, कल्पनेतला आहे."

"तरी नसतो. आपला सूर्य वरून ५,५०० अंशांचा. त्याच्या प्रकाशाचा जोर हिरव्याच्याच आसपास असतो, पण बाकीचे रंगही भरपूर, म्हणून एकूण पांढरा. आणखी तापवलास तर निळसर, निववलास तर नारिंगी. मधे हिरव्याचं स्टेशन आहे, पण गाडी फास्ट आहे."

बरं, निळा. सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचा, चांगला भारदस्त! तिने पेन काढलं. वस्तुमान दुप्पट तर तेज दहा-अकरा पट. इंधन दुप्पट आणि खर्च अकरापट, असा संसार किती टिकणार? आपला सूर्य १००० कोटी वर्षं चालतो, हा २०० कोटींच्या आतच आटोपणार. पृथ्वीवर साधे प्राणी यायलाच ४०० कोटींच्या घरात वर्षं गेली.

"तुझ्या ग्रहावर फार तर जिवाणू असतील, मामा."

माझ्या कथेत एक राजा आणि दोन राण्या होत्या. जिवाणूंना कसली आलीय सवत?

मग काटकसरी लाल बटू, म्हणजे सूर्याहून बराच लहान आणि थंड तारा, घेतला. हा लाख कोटी वर्षंसुद्धा टिकतो (आणि नावाला लाल, रंग घरातल्या पिवळ्या बल्बसारखा). पण इतका मंद, की ऊब हवी तर ग्रहाने अगदी खेटून बसायचं. प्रॉक्झिमा सेंटॉरी या सूर्याच्या सर्वांत जवळच्या शेजारी ताऱ्याच्या, म्हणजे एका लाल बटूच्याच, अशा एका ग्रहाचं वर्ष ११ दिवसांचं आहे. दर अकरा दिवसांनी दिवाळी अंक! मला घाम फुटला. शिवाय इतक्या जवळच्या ग्रहाची बहुधा एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते. तिथे सूर्य मावळतच नाही. म्हणजे आधी 'हिरवा' गेला, आता 'मावळत' गेलं. उरलं काय, तर 'सूर्य होता'. हा तर शोकप्रस्ताव झाला.

शेवटी भाचीची बाराची लोकल चुकू नये म्हणून नारिंगी बटूवर तोड निघाली. सूर्याच्या सात दशांश वस्तुमान, ४,२०० अंशांच्या आसपास, स्वभावाने लाल बटूपेक्षा शांत, आयुष्य सूर्याहून दांडगं. ग्रह पुरेसा लांब, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी संपादकांना फोनवर वाचून दाखवलं, "नारिंगी सूर्य मावळत होता."

"वा! दादर चौपाटी का?"