सामान सापडायला लागलं त्याची गोष्ट

आमच्याकडं ट्रॅक्टर एक, ट्रॉली एक, पण त्यांचं सामान बघितलं तर कारखान्याचा अड्डा वाटंल. नाडे, साखळी, जॅक, ग्रीस गन, टॉमी, पान्यांचा डबा, आन एक गंजलेलं काहीतरी जे कशाचंय हे कुणालाच माहीत नाही पण आप्पा फेकू देत नाहीत. ऐन पेरणीत टॉप लिंकची, म्हंजे ट्रॅक्टरला अवजार जोडायच्या वरच्या दांड्याची, पिन सापडंना, मृगाचा वाफसा निघून चालला, शेवटी सळईचा तुकडा वाकवून घातला आन त्याच दिवशी ठरवलं की रॅक करायचा म्हंजे करायचा.

पहिल्यांदा वाटलं भिंतीलाच ब्रॅकेट ठोकावेत. शेडाची मागची भिंत जुन्या माळवदाची, दीड हात रुंद, आतून दगड आन माती. ड्रिल लावलं की एक तर दगडावर नाचतंय नाहीतर मुठीपर्यंत आत. प्लास्टिकचा गट्टू ठोकला, स्क्रू पिळला, जरा ओढून बघितलं तर गट्टू, स्क्रू आन ओंजळभर पांढरी माती सगळं हातात. १९९३ च्या किल्लारी भूकंपात असल्याच भिंतींखाली माणसं गेली, त्यामुळं आप्पा म्हणाले, "तिच्या नादी लागू नको, ती तिच्या मनानं उभी हाय." मग रॅकनं स्वतःच्या पायावर उभं राहावं हे बरं.

लोखंडाचा हिशोब हे एक वेगळंच प्रकरण. लांबी फुटात, जाडी सुतात (इंचाला ८ सूत), आन पैसे किलोवर. आपण घरून फूट काढून जातो आन दुकानदार काट्यावर टाकतो. अँगलचा २० फुटी नग, दीड इंची दोन सूत जाडीचा घेतला तर एकच २० किलोच्या वर भरतो. आप्पांना तोच पाहिजे होता. दुकानदार म्हणला, "काका, रॅक करायलाव का पूल?" तरी खांबाला तोच घेतला, आडव्याला एक इंची, नाहीतर आप्पा दुकानातून उठले नसते.

वेल्डर गावातलाच, पण मशीनला थ्री फेज लागते आन त्या आठवड्यात आमच्या फिडरची लाइटीची पाळी रातच्याला. मग मोटार चालू करायला निघालेलं अर्धं शिवार शेडात. "तिरपी पट्टी मार रं, डुलंल." "चाकं लाव." मामा तर ठिणगीकडं नुसत्या डोळ्यानं बघत सूचना देऊलाले, दुसऱ्या दिवशी डोळ्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडले होते. वेल्डर मात्र गप. आधी नुसते टाके मारले, मग टेप लावून दोन्ही कर्ण मोजले, एक बोटभर जास्त भरला तर त्या कोपऱ्यावर घण घातला, परत मोजले, सारखे आले तेव्हाच पक्कं वेल्डिंग. एवढा काटकोनातला रॅक उभा केला आन तो तीन पायांवर टेकला, चौथा हवेत! शेडात शाहाबादी फरशी, खाली काळी माती, पावसाळ्यात फुगणार उन्हाळ्यात भेगाळणार, फरशी कशी सरळ राहील? पत्र्याचा तुकडा सारला पायाखाली, झालं. रेड ऑक्साइड मारून सामान लावलं, हो, ती पिन पण सापडली.

आन इथून खरा ताप सुरू झाला. आधी कुणी काही मागायला आलं की "बघ बाबा, कुठं तरी असंल" म्हणलं की माणूस त्या ढिगाकडं बघून आपोआप परत जायचा, कधी कुणाला नाही म्हणायची पाळी आली नाही. आता सगळं समोर, हारीनं. त्यात त्या रात्री सगळ्यांनी रॅक बघितलेला, त्यामुळं पाठ. चुलतभावाचा फोन येतो, "दादा, दुसऱ्या फळीवर डाव्या अंगाला ग्रीस गन हाय, पोराला पाठवलाव." विचारत नाही, कळवतोय. जॅक मळ्यात, साखळी कुणाच्या तरी उसात, रॅकवर कायम हजर म्हंजे ते गंजलेलं काहीतरी.

बायको म्हणली, अहो, वरून ताडपत्री टाकून झाकून टाका की सगळं. बरोबर होतं तिचं. पण ताडपत्री मामानं सोयाबीनच्या बनमीवर टाकायला नेलीय.