मासे सोडा, बारीक व्हा

वजन कमी करायचं ठरवलंत? उत्तम. आधी फ्रीज उघडा. खालच्या कप्प्यात सोललेल्या कोलंबीचा डबा असेल, तो कामाच्या मावशींना देऊन टाका. तुमच्या अंगावरची सगळी चरबी त्या डब्यात आहे. शंभर ग्रॅम कोलंबीत वीसेक ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम शंभर कॅलरी असतात, हे कुणी सांगायला आलं तर कानावर हात ठेवा. असलं ज्ञान वजनाला बाधतं.

मला हा मार्ग आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये दाखवला. आषाढ संपत आला होता, माझ्या हातात मासळी बाजाराची पिशवी होती. काकूंनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि अत्यंत मायेने म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे हे फार होतं ना, म्हणून सुटतंय. श्रावणापासून सोड बघू. आपोआप उतरेल. आमच्याकडे बघ." मी बघितलं. काकू लिफ्टच्या दाराशी जरा आडव्या होऊन बाहेर पडल्या. तेव्हाच शहाणी व्हायला हवं होतं. पण वजनाच्या बाबतीत माणूस कुणाचंही ऐकतो.

तर श्रावणाच्या पहिल्या दिवशी मी ७४ किलो होते. नुसता श्रावण कशाला, अनंत चतुर्दशीपर्यंत पाळूया म्हटलं. गौरीच्या तिखटा सणालाही, म्हणजे सामिष नैवेद्यालाही, हात लावला नाही. सासूबाई मालवणहून फोनवर म्हणाल्या, "माशे खावन कोण जाड झालो गो?" त्यांना काय कळतंय, त्या ८१ वर्षांच्या आहेत आणि अजून विहिरीचं पाणी काढतात.

आता माझ्या अनुभवाचा फायदा तुम्हालाही होऊ दे.

ताटातला बांगडा उचलला की तिथे खड्डा पडतो. तो बटाट्याच्या काचऱ्यांनी भरा. डाळीने भरायचा मोह होईल, पण आपल्याकडे डाळ म्हणजे वाटीभर वरण. त्यात मूठभर तूरडाळ असते आणि बाकी पाणी. सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळाली तर मिळाली. ते वरण खाण्यासाठी भाताचा डोंगर लागतो, डोंगरावर तूप लागतं, आणि तूप पचायला म्हणून पुन्हा थोडा भात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय की दिवसभराच्या ऊर्जेतला धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, आपल्याकडे तो ५० ते ७० टक्के असतो. त्या लोकांनी आमच्या घरी नैवेद्याचं ताट पाहिलेलं नाही. वरण-भात, पुरी, बटाट्याची भाजी, कुरडई आणि खीर. धान्य, धान्य, बटाटा, धान्य, आणि दुधात शिजवलेलं धान्य.

चार वाजता पोटात कावळे ओरडतील. घाबरू नका, चिवडा शाकाहारी आहे.

गुलाबजामही शाकाहारी आहे. तीन घ्या.

साखर, मैदा, वनस्पती तूप, वेफर्स, फरसाण, बालुशाही, सगळ्या पाकिटांवर हिरवा ठिपका असतो. हिरवा म्हणजे जा, पुढे जा.

बाहेर जेवायला गेलात तर दारावर 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी बघूनच आत शिरा. आत पनीर बटर मसाला मागवा. नावात बटर आहे, वर बटर आहे, खाली काजूची पेस्ट आहे आणि पनीर स्वतः निम्म्याहून जास्त ऊर्जा चरबीतून देतं. सोबत बटर नान. शेजारच्या टेबलावर कुणी तंदुरी चिकन कांद्या-लिंबाबरोबर खात असेल, अशा अशुद्ध ठिकाणी पाऊलही टाकू नका.

आता उपास. हा आपल्या व्रताचा कळस, म्हणून जरा सविस्तर सांगते. श्रावणी सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी असे सगळे धरा. उपास केला की वजन उतरतं हे काकूंचं दुसरं ब्रह्मवाक्य होतं. मी पहिल्या सोमवारी दोघांसाठी साबुदाण्याची खिचडी केली. हातात स्वयंपाकघरातला वजनकाटा होता, कारण तोही याच उत्साहात आणला होता. साबुदाणा १५० ग्रॅम. म्हणजे सव्वापाचशे कॅलरी, आणि त्यात प्रथिनं जवळपास शून्य, कारण साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला निव्वळ स्टार्च. तमिळनाडूत सेलमच्या कारखान्यांत कंद किसून, धुऊन, खळ काढून गोळ्या करतात. कपड्यांना घालायची खळ आपण तुपात परतून उपास म्हणून खातो. दाण्याचं कूट ५० ग्रॅम, पावणेतीनशेच्या वर. तूप दोन पळ्या, अडीचशे. एक बटाटा, चिमूट साखर. बेरीज केली तर साडेअकराशेच्या आसपास. दोघांत वाटली तर माणशी पावणेसहाशे. पण नवरा म्हणाला मला ऑफिसात जेवायचंय, तेव्हा दोघांत वाटायचा प्रश्नच मिटला. पावणेसहाशेत तव्यावरचा बांगडा, ज्वारीची भाकरी आणि वर सोलकढी एवढं आरामात बसतं, आणि रात्रीपर्यंत भूक लागत नाही. खिचडीनंतर मला दोन तासांत भूक लागली. मग उपासाचा चिवडा. मग राजगिऱ्याचा लाडू. मग केळं, मग दूध, दुधात साखर. संध्याकाळी उपास 'सोडायचा' म्हणून साग्रसंगीत जेवण, त्यात गोड पाहिजेच. एकादशी, दुप्पट खाशी, हे आपल्या आज्यांनी उगाच म्हणून ठेवलं का? आणि जाता जाता, साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, ही चारही मंडळी अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या वगैरे जहाजांतून इकडे आली. ती उपासाला चालतात. इथेच पिकलेली मटकी चालत नाही, हरभरा चालत नाही, मूग चालत नाहीत. जे खाऊन पोट भरेल, जे दोन तास टिकेल, ते नेमकं वर्ज्य! आणि याला आपण शरीराला विश्रांती म्हणतो. कसली डोंबलाची विश्रांती? माझ्या स्वादुपिंडाला विचारा!

असो. रागावायचं नाही, रागाने म्हणे कॉर्टिसॉल वाढतं.

वजनाचा काटा रोज बघू नका. मी बघितलाच नाही. थेट विसर्जनानंतर दवाखान्यात गेले, थकवा येतो म्हणून. तिथल्या काट्यावर ७७ किलो ४००. डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील. त्यांनी विचारलं, "काय खाता?"

"शुद्ध शाकाहारी," मी म्हटलं. ताठ मानेने.

"ते नाही विचारलं. काय खाता?"

मी सांगत गेले. त्या लिहीत गेल्या. काचऱ्या, खिचडी, मोदक, पुरणपोळी, परत मोदक. मोदकांपाशी त्यांनी पेन खाली ठेवलं. मग रक्त तपासायला लावलं. तीन महिन्यांची साखर उंबरठ्यावर निघाली, आणि बी-१२ तळाला. ते जीवनसत्त्व निसर्गतः मासे, मांस, अंडी, दूध असल्याच गोष्टींत मिळतं. माझं आधीच काठावर असणार, पण मी अंडं-मासा सोडला आणि एरवी दूध फक्त चहापुरतं. आता दर आठवड्याला एक इंजेक्शन. कंबरेत.

आता कुणी तरी मला ऑक्सफर्डचा अभ्यास दाखवेल. माहीत आहे. इंग्लंडात हजारो लोक तपासले, तेव्हा मांस खाणाऱ्यांपेक्षा शाकाहारी सरासरीने हलके निघाले, आणि दूधही न घेणारे सगळ्यांत हलके. मान्य. तिथे माणूस शाकाहारी होतो तेव्हा बर्गर-सॉसेज सोडून घेवडे, मसूर, पालेभाज्या, कोंड्यासकट पाव याच्याकडे वळतो. मी बांगडा सोडून मोदकाकडे वळले. शिवाय आपल्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ सालच्या, पंजाबात चाळीस टक्क्यांहून जास्त बायका जाड आहेत, आणि महाराष्ट्रात साधारण तेवीस. मासे-मटण कुठे जास्त खातात ते सांगायला नको. यावरून मी म्हणणार नाही की शाकाहाराने माणूस जाड होतो. तसलं तर्कशास्त्र काकूंनाच लखलाभ.

खरं सांगू का? मला शाकाहाराचा राग नाही. माझी आई आयुष्यभर शाकाहारी होती आणि काडीसारखी होती, कारण ती मटकीची उसळ, मुगाचं धिरडं, पिठलं-भाकरी, ताक आणि ढीगभर पालेभाजी खायची आणि कढईत तेल मोजून दोन चमचे घालायची. ती बारीक होती ती या हिशोबाने. माझा राग आहे तुमच्यावर. लिफ्टमध्ये दुसऱ्याच्या पिशवीत डोकावणाऱ्या, दुसऱ्याच्या पोटावर बोट ठेवणाऱ्या, आणि आरोग्याच्या नावाखाली सोवळं मिरवणाऱ्या तुमच्यावर. तुम्हाला माझ्या वजनाची कधीच काळजी नव्हती. तुम्हाला जिन्यात येणारा वास नको होता. तसं सरळ सांगायचंत! मी खिडकी बंद करून तळले असते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'मांसाहारी भाडेकरू नकोत' म्हणून हात वर करणारे आणि 'मासे सोड, बारीक होशील' सांगणारे हात एकच आहेत, हे मला दिसत नाही का? वर स्वतः रोज संध्याकाळी फेऱ्या मारून झाल्या की कोपऱ्यावर वडापाव. डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही, घरात काटासुद्धा नाही. मग गप्प बसा ना! कुणाच्या रक्तात किती साखर आहे, कुणाला थायरॉइड आहे, कुणाची पाळी जातेय, काही ठाऊक नसताना तोंड उघडायचं कशाला? आणि मीही मूर्ख. सत्तेचाळीस वर्षांची बाई, चार मजल्यांच्या लिफ्टमध्ये ऐकलेल्या गोष्टीवर दीड महिना काढला.

बुधवारी कोळीणबाई आली. "इतके दिवस होतास कुठे गं बाय?" म्हणाली आणि दोन बांगडे जास्तीचे टाकले.

आणि काकू, गणपतीत तुम्ही बालुशाही दिली होतीत, 'साजूक तुपातली आहे, हिने काही होत नाही' म्हणून, तो स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे. घासून ओट्यावर ठेवलाय. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, म्हणून आत मोड आलेली मटकी भरलीय. उद्या घेऊन जा. तेल बेताने घाला.