'धीर धरा' म्हणून उठू नका

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली की घटकाभरात 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागते. त्याला मी नावं ठेवणार नाही. पुण्यात कंपनीत असलेल्या पोरानं तिथून दुसरं करावं तरी काय? पण श्रद्धांजली गेलेल्याला असते. मागं राहिलेल्याला काय म्हणायचं, ते आपण विसरत चाललोय, आणि आपल्या मराठवाड्याला हे परवडणारं नाही.

मातीला जाऊन आलं तरी नंतर वेगळं भेटायला जायची आपली रीत. बायका गल्लीच्या तोंडापासून हेल काढून रडत येतात, घरातलीच्या गळ्यात पडतात, आणि गेलेला माणूस कसा होता, कुणाच्या अडीनडीला उभा राहिला, हे सगळं त्या रडण्यातच बोलून होतं. बापे ओसरीवर बसून राहतात. उठताना 'येतो' म्हणत नाहीत. घरात चूल पेटलेली नसते म्हणून नात्यातले कडू घास घेऊन येतात. मुसलमानाच्या घरी पुरसा द्यायला, म्हणजे सांत्वनाला, गेलं की 'सब्र करो अम्मा' कानावर पडतं, आणि आमच्या गावात तर 'धीर धरा' आणि 'सब्र करो' हे दोन्ही बोल दोन्हीकडची माणसं बोलतात.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. लातूर-धाराशिवकडची 52 गावं उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं गेली. तिकडच्या एका आजीनं मला सांगितलं होतं, "रडायला कुणाच्या गळ्यात पडावं बाबा, समद्याच घरी तेच." सांत्वन करायलासुद्धा गावात कुणीतरी धड राहिलेलं असावं लागतं, हे तेव्हा कळलं.

आता शेतकऱ्याच्या आत्महत्येचं बघा. अशा घरी भेटायला आलेली माणसं काय बोलतात ते मी कैकदा ऐकलंय. "कर्ज किती होतं?" "पीत होता का?" "आदल्या रात्री काही बोलला का?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण गेलेल्याची बायको दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगत बसते. पोलिसांना जबाब एकदा दिला की झालं. पाहुण्यांना तो रोज द्यावा लागतो. तिच्या देखत "बिचारीचं आता कसं व्हायचं" म्हणणारे वेगळेच. कीव समोरच्याला खाली ढकलते. पंचवीस-तीस वर्षांच्या बाईला तर ती जन्मभर चिकटते.

आणि कचेरीतली भाषा! नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा यामुळं आत्महत्या झाली असं जिल्हा समितीला पटलं तर ते प्रकरण 'पात्र', नाही तर 'अपात्र'. पात्र झालं तर 1 लाख रुपये, त्यातले 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. सरकारी पैसा आहे, निकष लागणारच, मला मान्य आहे. पण घरच्यांना तोंडावर "तुमचं अपात्र झालंय" असं का सांगावं? त्या बाईच्या कानाला ते 'माझा माणूस अपात्र ठरला' असं लागतं. "मदत मंजूर झाली नाही, बसा, कारण सांगतो" एवढं म्हणायला जीआर बदलावा लागत नाही. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलमधली मंडळी माझ्या ओळखीची आहेत, हे वाचणारही आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे.

नीट बोलणं कसं असतं, तेही मी पाहिलंय. आमच्याकडच्या अशाच एका घरी तिसऱ्या दिवशी राख सावडून सगळे परत आले होते. शेजारची म्हातारी फडक्यात भाकरी-पिठलं बांधून आली, मागं राहिलेल्या बाईच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, "दोन घास खा माय. तू नाही खाल्लंस तर ही लेकरं कुणाच्या तोंडाकडं बघून खातील?" स्वतः घास मोडून तिच्या हातात दिला. चुलत सासरा दारात उभा होता. तो एवढंच बोलला, "सोयाबीनची गंजी तशीच पडलीय. उद्या मशीन सांगतो, रास मी करून देतो. तू शेताकडची काळजी करू नकोस." त्या घरात त्या दिवशी 'धीर धर' शंभर जणांनी म्हटलं असेल. बाई मान वर करून बघत होती ती फक्त या दोघांकडं.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या बोलण्यामागं एखादं काम नाही, ते त्या घरात नाही बोललं तरी चालतं. बोलायचंच असेल तर जे करणार आहात ते बोला. तेराव्यानंतर मांडव निघतो, पाहुणे जातात, आणि खरी धावपळ तिथून सुरू होते. सातबाऱ्याला वारस नोंद, फेरफार, बँकेतलं खातं. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिन्याला 1,500 रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालचं घर असेल आणि कर्ता माणूस 18 ते 59 वयात गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेत एकदाच 20 हजार. हे तिला कुणी सांगत नाही. कुणी सांगितलं तरी तहसीलला एकटीनं जायची छाती होत नाही.

म्हणून पुण्या-मुंबईच्या पोरांनो, महिन्याभरानं फोन करा आणि कुठला कागद अडलाय ते विचारा. गावात असाल तर "वहिनी, वारस नोंदीला मी येतो सोबत" म्हणा, आणि ज्या दिवशी कचेरी उघडी असेल त्याच दिवशी सकाळी गाडी घेऊन त्यांच्या दारात जा.